नव्याचे पोहे

बालाघाट
१२ जानेवारी २०२५

रीना,

आशीर्वाद लिहू का नको, ह्याच्यातच एक कागद खराब झाला. तो फाडला अन् हा दुसरा घेतला. आशीर्वाद देणारी ही कोण मोठी, असं तू म्हणशीन, म्हणून नाही लिहिला. मनातून दिला आहे. तो काही तुले परत पाठवता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस, उचलला तं माहा आवाज ऐकून ठेवून देतेस. ठेव बापा. मलेबी फोनवर बोलणं जमत नाही, पलीकडचं माणूस गप बसलं का मी भलतंसलतं बोलून बसते. सातवीपर्यंत मी गोंदियाकडेच शिकली, अक्षर अजून वाचण्यासारखं आहे. नाही वाचायचं तं चुलीत घाल.

मोहितची तबीयत ठीक आहे. टाका गळला म्हणून तोंडातून दुर्बीण घालून पोटात जी जाळी बसवली होती ती तू गेल्यावर डिसेंबरात काढली. एकशे अडतीस किलोचं पोरगं आता एकशे चारवर आलं. इन्सुलिनची सुई बंद, गोळ्या बंद. पायाची ती जखम, जिच्यापायी तू रडली होती, तीबी भरली. तुहे सासरे ह्याच शुगरनं गेले, आधी अंगठा कापला, मंग पाय. तुले तेच दिसून राह्यलं होतं म्हणून तू मोहितच्या वजन उतरवाच्या ऑपरेशनचा हट्ट धरला, अन् मी विरोध केला. हे लिहाले मले तोंड नाही, पण खरं आहे ते लिहिते. तुहा हट्ट बरोबर होता.

आता बैठकीचं. सोळा फेब्रुवारी, रविवार, राजेगावले. आपले चार लोक, तुमचे चार लोक. मंजू लालबर्र्याहून रोज फोन करते, म्हणते फारकतीचा कागद करून मोकळं व्हा, जिनं माह्या भावाले भात चारून मारलंच होतं तिच्यासंग काय नांदणं. तुह्या बाबाचाबी निरोप आला, पोरीवर असा आळ घेणाऱ्या घरात आम्ही तिले धाडत नाही. दोन्हीकडचे राजी. मोहितले विचारलं तं भिंतीकडे पाहून म्हणते, तुम्ही ठरवा.

डॉक्टरीणबाईनं दुसऱ्यांदा ऑपरेशन करून त्याचं पोट धुतलं तवा आतून अन्नाचे कण निघाले. बाई म्हणल्या, भातासारखे आहेत. पंधरा दिवस नुसतं पातळ द्यायचं होतं, अन् खाणं सारं तुह्या हाती. म्हणून सारे तुह्यावर घसरले.

ते भाताचे नव्हते रीना. पोह्याचे होते. मी दिलते.

चार दाणे. दसऱ्याचे, नव्याचे. तुले तं आपल्या घरची रीत माहीत आहे. नव्या धानाचे पोहे कुटून देवापुढे ठेवायचे अन् घरच्या मोठ्या पोराच्या तोंडात पहिला घास मायनं द्यायचा. तो खात नाही तोवर घरात नव्या तांदळाले कोणी हात लावत नाही. तुहे सासरे टायफाईडमध्ये पडले होते तवाबी माह्या सासूनं त्यांच्या ओठाले पोहे लावले होते. देवाचं काम, मी कशी सोडू? अन् चार दाण्यानं काय होते? बाईच म्हणल्या होत्या का शंभरातून एखाद्याचा टाका काही न खाताबी गळते. मंग माह्या चार दाण्यानंच गळला असं कोण सांगू शकते?

तरी तुले सांगून ठेवलं. बैठकीच्या आधी निघून ये. आली का सारं आपोआप मिटते.

कमला


२५ जानेवारी

रीना,

तेरा दिवस झाले, तुहं काही आलं नाही. पोस्टमनले दोनदा विचारलं, तो म्हणते, आजी, आता कोण पत्र लिहिते.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. चार दाणे नव्हते. वाटी होती. दह्यात भिजवून, वरून गूळ घालून, पूर्ण वाटी.

दुपारची गोष्ट. त्याची ताकदीची पावडर संपली होती, तू आणाले गेलती. दसऱ्यानं दुकानं बंद, तू कुठं कुठं फिरली असशीन, दीड तास लागला तुले. घरात मी अन् तो. तू थर्मास भरून ठेवला होता, त्याच्यावर वेळा लिहून कागद चिकटवला होता, शेजारी तो तीस एमएलचा प्लास्टिकचा कप. भातुकलीतला कप म्हणत होती मी त्याले, आठवते ना? पंधरा मिनिटांनी एक कप. वरणाचं पाणी, ताक, अन् परत वरणाचं पाणी. तो मोबाईलवर खाण्याचेच व्हिडिओ पाहून राह्यलता. तू समोर असली का बंद करत जाय.

पहिला घास दिला अन् त्यानं डोळे मिटून घेतले. अगो माय, त्याचं तोंड असं फुललं! कितीक दिवसांनी पोरगं पोरासारखं दिसलं. म्हणाला, "माय, अजून दे." दिला. परत म्हणाला. परत दिला. त्यानं बस म्हटलं नाही अन् मी थांबली नाही. तीन घासांतच त्याले भारी झालं असन, पण लालच मोठी, त्याचीबी अन् माहीबी.

मंग तो छातीवर हात ठेवून बसला. घाम फुटला. तीन वेळा उलटी झाली, अशी जोरात का पोटाचे छेद धरून वाकला. मी बादली धुतली, वाटी धुतली, त्याचं तोंड पुसून निजवलं. तू आली तवा मी म्हटलं, झोपला आहे, उठवू नको. तू चप्पल हातात घेऊन चालत आत गेली, आवाज नको म्हणून.

तुले एक सांगू का, हसशीन तं हस. मले ते ऑपरेशन ऑपरेशन वाटलंच नव्हतं. माही बच्चेदानी काढली तवा बेंबीपासून खालवर चिरलं होतं. दीड महिना खाटेवर, दोन बायांनी धरलं तं उठणं. अन् मोहितले काय? पाच छेद. करंगळीच्या टोकाएवढे, वर चिकटपट्ट्या. दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं संडासले गेला, तिसऱ्या दिवशी घरी आला. दहाव्या दिवशी खपल्या पडल्या. मी रोज त्याचा सदरा वर करून पाहत जाय. बाहेरचं भरलं, तं आतलंबी भरलंच असन. डॉक्टर अन् शिकलेली सून मिळून उगीच भेव घालून राह्यले, असं मी समजली.

नागपूरले तू मले मोबाईलवर चित्र दाखवत होती. पोटाची पिशवी कापून तिची केळ्याएवढी नळी केली, अन् वरून खालवर टाक्यांची लांब रांग. "आई, बाहेर एवढंसं दिसते पण आत बहुत मोठं काम केलं आहे, सुकाले वेळ लागते." तू समजावून सांगून राह्यलती अन् मी तुह्या हाताकडे पाहून राह्यलती. हातात बांगड्या नव्हत्या तुह्या. दवाखान्यात काढून ठेवाले लावल्या असतीन, पण मी मनात तेच धरून बसली अन् चित्र पाह्यलंच नाही.

पाह्यलं असतं तं.

पण देवाचं होतं ते. एवढं ध्यानात ठेवजो.

कमला


२ फेब्रुवारी

रीना,

तुही चिठ्ठी आली. एवढा मोठा लिफाफा, आत एक ओळ. "आई, नवं तं सकाळीच झालं होतं."

तुले काय सांगू, दिवसभर मी तुले शिव्या घातल्या. भांडे आपटले. कामवालीले बोलली. मोहितनं विचारलं, माय काय झालं, तं त्याच्यावर खेकसली. एक ओळ लिहिते अन् माणसाले उघडं पाडते, अशी कशी बाई ही, असं म्हणून म्हणून सांजच्याले थकून बसली. मंग ती चिठ्ठी परत काढून वाचली.

झालं होतं. सकाळीच झालं होतं.

तू आदल्या दिवसापासून विचार करून ठेवला होता. नव्या तांदळाची पेज शिजवली, फडक्यातून दोनदा गाळली, देवापुढे ठेवली. मंग तो कप घेऊन माह्यापाशी आली. "आई, पाणीच आहे पण नव्याचंच आहे, तुमच्या हातानं पाजा." मी हात मागे घेतला. म्हटलं, मले अंघोळ करायची आहे, तूच पाज. अन् जाता जाता असंबी म्हटलं का गाळलेलं पाणी म्हणजे काही नवं नव्हे.  तू पाजलं, त्यानं देवाले हात जोडले, म्हणाला झालं माहं नवं.

देवाचं काहीच राह्यलं नव्हतं. राह्यलं होतं ते माहं.

बारा दिवस माह्या घरात माह्या पोरानं माह्या हातचं पाणी पिलं नव्हतं. सयपाकघरात तुहे कागद, तुह्या वाट्या, तुहा अलार्म. मी वरणाले हात लावला तं, "आई, त्यात मीठ नका घालू." गोड बोलत होती तू, मी नाही म्हणत नाही. कधी आवाज चढवला नाहीस. त्याचाच मले जास्त राग. भांडली असतीस तं मीबी भांडून मोकळी झाली असती. पस्तीस वर्षं ज्याले जेवू घातलं त्याचं पोट आता तुह्या हाती गेलं, अन् तो तुहं ऐकते, माहं नाही. जळफळाट होता तो, त्याले दुसरं नाव देता येत नाही.

तू गेल्याबरोबर मी पोहे भिजाले टाकले. तू फाटक लावल्याचा आवाज झाला, अन् मी उठली. तू आली असती अन् बोलली असती, तं काय म्हणायचं तेबी जुळवून ठेवलं होतं. पाहा, म्हणणार होती, मायच्या हातानं खाल्लं, काय झालं? काहीच झालं नाही. हे म्हणाले मी तयार बसलती रीना. त्याले उलटी झाली नसती तं मी म्हटलंच असतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, चौदा तारखेले, ताप चढला, पोटात दुखू लागलं, नाडी धावाले लागली. गाडी करून नागपूर. डॉक्टरीणबाईनं दारातच विचारलं, ह्यानं काही घट्ट खाल्लं का? तू म्हटलं, नाही, एक दाणाबी नाही, मी स्वतः देते. तू छातीवर हात ठेवून बोलून राह्यलती. बाई माह्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मी तं त्याच्या खाण्याले हातबी लावत नाही बाई, सारं सूनच पाहते."

चौदा दिवसांपैकी तेरा दिवस हे खरंच होतं. म्हणून तं जिभेवर इतकं सहज आलं.

बाई परत म्हणल्या, काही लपवू नका, त्याच्यावर पुढचं ठरते. मी पदर तोंडाले लावून रडाले लागली. रडणाऱ्या मायले कोण काय विचारणार? त्याइनं फोटो काढला, टाका उसवून आतलं बाहेर गळलेलं दिसलं, अन् त्याच पाच छेदांतून परत दुर्बीण घातली. चार घंटे तू त्या बाकावर माहा हात धरून बसलती. माहा हात, ज्यानं दिलं तोच. तू म्हणून राह्यलती, "आई, काही होणार नाही, मी कुठं चुकली असन तं देव मले पाहून घेईन." तू त्या घंट्यांत स्वतःची चूक शोधून राह्यलती. कोणत्या कपात काय गेलं, गाळणीतून काही सुटलं का, मलेच विचारत होती. अन् मी म्हटलं, "काय माहीत बाई, गाळणी जुनी होती."

असं म्हटलं मी.

आज इतकंच लिहवते.

कमला


९ फेब्रुवारी

रीना,

बैठकीले सात दिवस आहेत. मंजूले सांगाले म्हणून परवा फोन लावला. पहिलं तिच्या पोराचा खोकला, मंग पापडाचं, मंग लग्नसराईचं. अर्धा घंटा बोलली मी. ती म्हणाली, माय, तुले काही सांगायचं होतं का? मी म्हटलं, नाही वं, असंच. फोन ठेवून स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरंच मारून घेतली, खोटं नाही.

तुह्या मनात मोहितचं काय आहे ते मले समजते. माहं राहू दे, मी सासू आहे, मी अशीच, असं तू समजून घेशीन. पण तो नवरा आहे तुहा. दवाखान्यातून घरी आल्यावर बाहेरच्या खोलीत मंजू ओरडून राह्यलती, तवा तू त्याच्यासमोर उभी राह्यली. साऱ्यांच्या देखत विचारलं, "तुम्ही काही खाल्लं होतं का? एकदा सांगा. मी काहीच म्हणणार नाही." त्यानं मान खाली घातली अन् म्हटलं, "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग उचलली.

ते नाही त्याचं नव्हतं. माहं होतं. दवाखान्यात त्याले शुद्ध आली, तू खाली दवाई आणाले गेलती. नाकात नळी, पोटाले नळी, हाताले सुई. मी तोच सुईचा हात उचलून माह्या डोक्यावर ठेवला अन् म्हटलं, कोणाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन. तो कण्हला. मी म्हटलं, हौ म्हण. तो हौ म्हणाला. म्हणून तो बोलला नाही. मायच्या जिवावर कसा बोलन?

तवापासून तो माह्यासंग नीट बोलत नाही. खाणं स्वतः करून घेते. तुहाच तो कागद पाहून, थोडं थोडं, चावून चावून. मी वाटी सरकवली तं म्हणते, ठेव, घेतो, अन् घेत नाही. दुकानात जाते, येते, तुह्या खोलीचं दार लावून बसते. म्हटलं, बोलव तिले. म्हणते, कोणत्या तोंडानं?

आता माहं ऐक. तू सोळाच्या आधी ये, नाहीतं सरळ बैठकीत ये. तूच सांग साऱ्यांले का पोहे सासूनं दिले. मी नाही म्हणणार नाही, मान हलवीन. माह्या तोंडून निघत नाही वं. चार लोकांत उभं राहून, ह्या वयात, जावयासमोर! तू सांग, मी मान हलवते. एवढं कर माह्यासाठी.

कमला


१४ फेब्रुवारी

रीना,

तुहं दुसरं पत्र आलं. ह्या वेळेले चार ओळी. तुह्या ओळी मले पाठ झाल्या.

"आई, मले काहून सांगता? पोट धुतल्यावर कण निघाले, त्याच दिवशी मले समजलं. मी बोलली असती तं सासूवर आळ घेते म्हटलं असतं. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा, मी येणार नाही अन् तुमच्याऐवजी बोलणारबी नाही."

म्हणजे चार पत्रं मी तुले ते सांगून राह्यली जे तुले आधीच ठाऊक होतं. अन् मनात समजत होती का मी मोठं कबूल करून राह्यली.

परवा बैठक आहे. आज मोहितले म्हटलं, मलेबी राजेगावले यायचं आहे. तो म्हणाला, तुहं काय काम? मी म्हटलं, आहे.

कमला


१७ फेब्रुवारी

रीना,

तुह्या बाबानं तुले आपल्या परीनं सांगतलंच असन. पण मी सांगते, तसं त्याइले सांगता येणार नाही.

राजेगावले मंजूच्या चुलत सासऱ्याच्या, दादाजीच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. चहा फिरला. कागद टाईप करून आणला होता. तुहे बाबा एकदम कडेले बसले होते, चहा हातात, पीत नव्हते. दादाजी म्हणाले, कोणाले काही म्हणायचं आहे का, नाहीतं सह्या करू.

मी उठली. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, पोहे मी दिले. भात नव्हता, पोहे होते. वाटीभर. सुनेनं नको म्हटलं होतं, ती बाहेर गेल्यावर दिले. डॉक्टरसमोर खोटं बोलली, अन् मोहितले माही शपथ घातली. सुनेचा काही गुन्हा नाही.

मले वाटलं होतं लोक थुंकतीन.  मंग दादाजीनं डोळे पुसले! म्हणाले, "वा वहिनी! पोराचं घर तुटू नये म्हणून सारं स्वतःवर घेतलं! अशी सासू आजकाल पाहाले भेटत नाही." बाया मान हलवाले लागल्या. एकीनं येऊन माह्या पायाले हात लावला. मंजू म्हणाली, मायचं मन हळवं आहे, तिचं नका ऐकू. रीना, जन्मात कोणी माही एवढी तारीफ केली नसन. जमीन फाटावी अन् आत जावं असं झालं. मी ओरडून राह्यली, अवं खरं आहे, खरं सांगते मी, अन् जितकं ओरडावं तितकं ते म्हणते, पाहा, किती जीव आहे सुनेवर.

शेवटी मी मोहितकडे वळली. म्हटलं, शपथ मी परत घेतली, माहं काही होत नाही, तू बोल.

तो उठला. पँट इतकी ढिली झाली आहे का पट्ट्याले नवीन छिद्रं पाडली आहेत त्यानं. म्हणाला, "हौ. मायनं दिले, मी खाल्ले. रीनाचा हात नव्हता. ती विचारत होती तवा मी खोटं बोललो."

 मंजू उठून नळावर गेली अन् तिथंच तोंड धुत राह्यली. दादाजीनं कागद उचलला. तुह्या बाबानं तो त्यांच्या हातून घेतला, घडी करून खिशात ठेवला अन् म्हटलं, "पोरीले विचारून गुरुवारी सांगतो." चहा तसाच ठेवून गेले. मले नमस्कार केला नाही. नको करू दे.

इथंच थांबवलं असतं हे पत्र तं तू येशीन, असं मले वाटते. तुहं नाव साऱ्यांसमोर साफ झालं, मोहित बोलला, माह्या शपथेपायी गप होता हेबी कळलं. चांगलं जुळलं होतं. पण परत येताना रस्त्यावर एका झाडाखाली मोहितनं गाडी थांबवली.

म्हणाला, "माय, तुही शपथ नंतरची आहे."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईनं मले एकट्याले विचारलं होतं. तुम्ही सारे बाहेर होते. म्हणल्या, घरच्यांले सांगणार नाही, फक्त मले सांगा. मी नाही म्हटलं. मले लाज वाटली माय. एवढं करून घेतलं अन् पंधरा दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही. मी नाही म्हटलं तं सारं रीनावर जाईन, हेबी मले समजत होतं. वाटलं, ती निभावून नेईन. ती सारंच निभावते. अन् तू डोक्यावर हात ठेवला तवा मले बरंच वाटलं. सबब भेटली."

 मंग तो म्हणाला, "हे तिले लिहू नको. गुरुवारी ती नाही म्हणन." अन् मी हौ म्हटलं.

हौ म्हटलं, अन् घरी येऊन हे लिहून राह्यली.

मले तू पाहिजे आहेस रीना. घर खायाले उठते. तू आली तं मी तुह्या कपाले, तुह्या कागदाले, कशालेच काही म्हणणार नाही, अशी रोज उजळणी करते. पण अर्धं सांगून तुले बोलावली, तं मी दवाखान्याच्या दारात उभी होती तिथंच अजून उभी आहे. पोरानं त्या बाईले खरं सांगतलं असतं तं तुह्यावर काहीच आलं नसतं, माह्या शपथेच्या आधीच सारं मिटलं असतं. माह्या पोराच्या विरुद्ध मी जन्मात एक अक्षर काढलं नाही. हे पहिलं. 

उद्या स्पीड पोस्टनं टाकते, म्हणजे बाबानं विचारायच्या आधी तुह्या हाती पडन. ये, असं मी ह्यात लिहीत नाही. येऊ नको, असंबी नाही.

मोहित आत्ता दारात येऊन उभा राह्यला. विचारते, काय लिहून राह्यली? मी म्हटलं, तू जे नको म्हटलं ते. मले वाटलं कागद ओढून घेईन. त्यानं खुर्ची घेतली, बोट ठेवून ठेवून सारं वाचलं, पहिल्यापासून. मंग माह्या हातून पेन मागितला. मराठी लिहाले त्याले येत नाही, हिंदी शाळेतला. खाली त्याचं आहे.

कमला

माँ ने जो लिखा है, सब सच है। मुझसे पूछा गया था और मैंने ना कहा था।
मोहित